मोटारीचा लगाम

घोडा किती वेगाने धावतो हे सगळेच पाहतात. परंतु जाणता स्वार रिकिबीत पाय ठेवण्यापूर्वी लगाम तपासून पाहतो. मोटारीच्या बाबतीत मात्र आपण हा शहाणपणा विसरतो. रस्त्याने एखादी झोकदार गाडी गेली, की “ही किती पळते?” असे प्रत्येक मुलगा विचारतो. “ही किती अंतरात थांबते?” असे विचारणारा मुलगा क्वचितच भेटतो. वस्तुतः या दुसऱ्या प्रश्नावरच गाडीत बसलेल्यांचे आणि रस्ता ओलांडणाऱ्यांचे प्राण अवलंबून असतात. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने हा धडा कसा शिकला, ते आज तुम्हांला सांगणार आहे.

हा विद्यार्थी नवी मुंबईतील एका आगरी कुटुंबातला. आजोबांच्या पश्चात त्यांची ‘पद्मिनी’ मोटार त्याच्याकडे आली. हे नाव तुमच्या वडीलधाऱ्यांना चांगले ठाऊक असेल. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीचा कारखाना कुर्ल्याला होता. तेथे इटलीतील फियाट कंपनीच्या सहकार्याने मोटारी तयार होऊ लागल्या, आणि १९७४ मध्ये त्यांतील एका गाडीला ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. काळ्या-पिवळ्या रंगातील हीच गाडी अनेक वर्षे मुंबईची टॅक्सी म्हणून ओळखली जाई. गेले शतक संपता संपता तिचे उत्पादन थांबले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सीनेही निरोप घेतला. तरी हौशी माणसांनी जिवापाड जपलेल्या काही पद्मिनी अजून अधूनमधून दृष्टीस पडतात.

ही गाडी दिसायला साधी असली, तरी तिच्या घराण्याला शर्यतीचाही इतिहास आहे. मद्रासजवळ शोलावरम येथे, महायुद्धकाळातील विमानांच्या धावपट्टीवर, पूर्वी मोटारींच्या शर्यती होत. तेथे ‘फियाट ११००’ जातीच्या गाड्या हौशी चालक मोठ्या ईर्ष्येने पळवीत. त्या शर्यतींच्या गोष्टी ऐकून माझ्या विद्यार्थ्यालाही वाटले, की आपल्या आजोबांच्या गाडीत तेच तेज आणावे. त्याने इंजिन खोलून नीट दुरुस्त केले, कार्ब्युरेटर बदलला, आणि गाडी पूर्वीपेक्षा पुष्कळच जोमाने धावू लागली. मग परिवहन कार्यालयात विचारपूस करून त्याने पुढच्या चाकांना नव्या पद्धतीचे डिस्क ब्रेक बसविले. मागच्या चाकांचे ड्रम ब्रेक मात्र तसेच राहिले.

एके दिवशी त्याची आजी म्हणाली, “बाळा, त्यांच्या गाडीतून मला एकदा कार्ल्याला एकवीरा आईच्या दर्शनाला ने.” नातवाने तत्काळ होकार दिला. पण कार्ल्याला जायचे म्हणजे बोरघाट चढायचा आणि परतताना तोच घाट उतरायचा. म्हणून निघण्यापूर्वी तो मला भेटायला आला आणि म्हणाला, “सर, गाडी आता वाऱ्यासारखी जाते, पण ब्रेक दाबला की मागची चाके काही काम करीत आहेत असे वाटत नाही.”

मी त्याला म्हटले, “तुला गणित मीच शिकविले आहे. आधी वेगाचे गणित कर, मग ब्रेकचे पाहू.”

ते गणित असे आहे. धावणाऱ्या वस्तूच्या अंगी जी ऊर्जा असते, तिला गतिज ऊर्जा म्हणतात. ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग दुप्पट झाला, तर ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. वेग तिप्पट झाला, तर ती नऊपट होते. कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकची एखादी गाडी ताशी ३० किलोमीटर वेगात असताना सुमारे ७ मीटरांत थांबते असे धरा. तीच गाडी ताशी ६० किलोमीटर वेगात असेल, तर तिला सुमारे २८ मीटर लागतील. समोरचे संकट पाहून पाय ब्रेकवर पडेपर्यंत जो एखादा सेकंद जातो, तेवढ्यात ती आणखी १६-१७ मीटर पुढे गेलेली असते, ते वेगळेच. नवी मुंबईतल्या पाम बीच मार्गासारख्या सरळ, रुंद रस्त्यावर वेग वाढविण्याचा मोह होतो. अशा वेळी हे आकडे ज्याच्या मनात असतील, त्याचा पाय आपोआप सैल पडेल.

आता दुसरा प्रश्न. गाडी थांबली म्हणजे ही ऊर्जा जाते कोठे? ऊर्जा नाहीशी होत नाही. ती केवळ रूप पालटते. सायकलने उतार उतरताना ब्रेक बराच वेळ दाबून धरला आणि मग चाकाच्या कडेला बोट लावून पाहिले, तर चटका बसतो. मोटारीचेही तसेच आहे. ब्रेक म्हणजे गतीची उष्णता करणारे यंत्र होय. माणसांसह १००० किलो वजनाची मोटार ताशी ६० किलोमीटर वेगावरून थांबली, तर एक लिटर पाण्याचे तापमान सुमारे ३३ अंशांनी वाढेल एवढी उष्णता तयार होते. एका थांबण्याने फारसे बिघडत नाही. पण घाट उतरताना काय होते ते पाहा. बोरघाटात गाडी सुमारे ५०० मीटर खाली येते. तिचा सगळा उतार केवळ ब्रेकने आवरायचा म्हटले, तर ताशी ६० किलोमीटर वेगावरून ती लागोपाठ पस्तीस वेळा थांबविण्याइतके काम ब्रेकवर पडेल. त्या उष्णतेत पंधरा लिटर गार पाणी उकळीला येईल! म्हणूनच अनुभवी चालक सांगतात, की ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये तो उतरा. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे ओढून धरते, आणि ब्रेकला विसावा मिळतो.

माझ्या विद्यार्थ्याला हे पटले. तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका वृद्ध मिस्त्रींचे लहानसे गॅरेज आहे. आम्ही दोघे गाडी घेऊन तेथे गेलो. मिस्त्रींनी मागची चाके काढली आणि ड्रम ब्रेकची रचना आम्हांला समजावून दिली.

ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारे बिडाचे एक उथळ भांडे. एखादा डबा आडवा धरून फिरवावा, तसा तो चाकाच्या आत फिरतो. त्याच्या पोटात अर्धचंद्राच्या आकाराच्या दोन लोखंडी पट्ट्या असतात; त्यांना ब्रेक शू म्हणतात. त्यांच्या बाहेरच्या अंगाला घर्षण करणारा एक टणक थर चिकटविलेला असतो, तो लायनर. चालकाने पाय दाबला, की मास्टर सिलिंडरमधील ब्रेक ऑइल नळ्यांतून चाकापर्यंत दाब पोहोचवते. तेथील लहान सिलिंडरातला दट्ट्या पुढे सरतो, आणि दोन्ही शू फाकून ड्रमच्या आतल्या बाजूस घासतात. फिरणारे चाक त्यामुळे मंदावते. पाय उचलला, की स्प्रिंगा शूंना पुन्हा जागेवर ओढून घेतात.

यात एक मौज आहे. फिरता ड्रम दोहोंपैकी एका शूला आपल्या बरोबर ओढू पाहतो. त्यामुळे तो शू ड्रमवर आपोआपच अधिक घट्ट बसतो. म्हणजे थांबविण्याच्या कामी चाकाची गतीच थोडी मदत करते. यामुळे पायाला कमी जोर लागतो. शिवाय हँडब्रेकची तार मागच्या ड्रमला सहज जोडता येते, आणि सगळी रचना झाकलेली असल्यामुळे चिखल व खडी आत शिरत नाही. अशा गुणांमुळे आजही आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या अनेक नव्या मोटारींच्या मागच्या चाकांना ड्रम ब्रेकच असतात.

पण झाकलेल्या घराचे जे दोष, ते ड्रमलाही आहेत. आतली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर जातो, लायनरची पकड कमी होते, आणि पाय खोल जातो, तरी गाडी आवरत नाही. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गाडी नेली, तर आत शिरलेले पाणी चटकन निघत नाही, आणि ओला लायनर घसरत राहतो. असे पाणी ओलांडल्यावर मागे कोणी नाही हे पाहून, हळू चालत ब्रेक दोन-चार वेळा हलका दाबावा, म्हणजे लायनर सुकतो.

डिस्क ब्रेकची रचना याहून निराळी. चाकाबरोबर एक उघडी तबकडी फिरते, आणि दोन बाजूंचे पॅड तिला चिमटीत धरतात. तबकडी उघडी असल्याने वारा तिला निववतो, आणि पाणी तिच्यावरून फेकले जाते. या ब्रेकची कल्पना फार जुनी आहे. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी तिचे पेटंट १९०२ साली घेतले होते. परंतु तिचा खरा दबदबा निर्माण झाला तो १९५३ मध्ये. त्या वर्षी फ्रान्समधील ले मान्स येथील चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेक असलेली जॅग्वार मोटार पहिली आली. ड्रमच्या गाड्यांना वळणापूर्वी लवकर वेग कमी करावा लागे. डिस्कची गाडी वळणाच्या अधिक जवळ जाऊन ब्रेक लावू शके. म्हणजे चांगला थांबणारा पुढे गेला!

ही सर्व माहिती ऐकून माझा विद्यार्थी म्हणाला, “मिस्त्रीकाका, मग मागचे ड्रम काढून टाका आणि तेथेही डिस्क बसवा.”

मिस्त्री हसले. “आधी आहे ते नीट पाहू या,” असे म्हणून त्यांनी ड्रम आमच्यासमोर धरला. एका बाजूचा चाकाजवळचा सिलिंडर गळत होता. त्याचे ऑइल लायनरवर पसरून लायनर मऊ पडला होता. दुसऱ्या बाजूचा लायनर झिजून पातळ झाला होता. ड्रम आतून किंचित लंबगोल झाला होता. सगळ्या जागी काळी धूळ साचली होती. एका मुलाने वाऱ्याचा पाइप घेऊन ती उडविण्यासाठी हात पुढे केला, तसे मिस्त्रींनी त्याला थांबविले. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस हे खनिज वापरीत. त्याचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसात गेले, तर काही वर्षांनी असाध्य रोग होतात. म्हणून ती धूळ फुंकू नये, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. हाताखालच्या मुलाच्या आरोग्याची अशी काळजी घेणारा कारागीर पाहून मला समाधान वाटले.

मिस्त्रींचे मत स्पष्ट होते. ड्रम लेथवर फिरवून गोल करावा; परंतु त्याच्या मापाची मर्यादा ओलांडली असेल, तर नवाच घ्यावा. अधिक उष्णता सोसणारे नवे लायनर बसवावेत. सिलिंडर नवे घ्यावेत, पण मूळ मापाचेच. मात्र तरुण रक्ताला एवढ्याने समाधान कसे होणार? मिस्त्री दोन दिवस गावी गेले असता माझ्या विद्यार्थ्याने कुर्ल्याच्या बाजारातून मोठ्या मापाचे सिलिंडर आणले आणि मित्राच्या मदतीने स्वतःच बसविले. त्याचा हिशेब वरवर बरोबर होता. ब्रेक ऑइलचा दाब सर्वत्र सारखा असतो. हा सिद्धांत सतराव्या शतकात पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडला. दाब सारखा, तेव्हा दट्ट्या जेवढा मोठा, तेवढा जोर अधिक. व्यास सव्वापट केला, की क्षेत्रफळ दीडपटीहून अधिक होते, आणि जोरही तितकाच वाढतो. “आता मागची चाकेही पुढच्यांसारखी जोरात धरतील,” असे त्याला वाटले. दुसऱ्या दिवशी पहाटे आजीला घेऊन कार्ल्याला निघायचे, असेही त्याने ठरवून टाकले.

सुदैवाने तेवढी एक चाचणी घेण्याची बुद्धी त्याला झाली. संध्याकाळची वेळ होती. पाऊस पडून गेला होता. एका बंद आवारातील मोकळ्या फरशीवर कोणालाही जवळ न येऊ देता त्याने गाडी बेताच्या वेगाने नेली आणि ब्रेक दाबला. मी बाजूला उभा होतो. क्षणार्धात मागची चाके फिरायची थांबली, गाडीचा मागचा भाग घसरत पुढे येऊ लागला, आणि पाहता पाहता गाडीने आपल्याभोवती गिरकी घेतली. भिंत हातभर राहिली होती. ती थांबली, तेव्हा तिचे तोंड आल्या दिशेला झाले होते. माझा विद्यार्थी बराच वेळ गाडीतून उतरला नाही. उतरला तेव्हा एवढेच म्हणाला, “सर, हे घाटात झाले असते तर?”

असे का झाले? बसमध्ये उभे असताना चालकाने एकदम ब्रेक लावला, की तुम्ही पुढे झुकता. गाडीचेही तसेच होते. थांबताना तिचा भार पुढे सरकतो. पुढची चाके रस्त्यावर अधिक दाबली जातात, मागची हलकी होतात. उभी असताना पुढे-मागे पाचशे-पाचशे किलो भार असलेल्या लहान गाडीत जोराने थांबताना शंभराहून अधिक किलो भार मागून पुढे जातो. चाकावर भार जितका कमी, तितकी त्याची रस्त्यावरील पकड कमी. आणि रस्ता ओला असेल, तर ती आणखीच कमी. अशा हलक्या चाकाला ब्रेकने फार जोरात धरले, तर ते फिरायचे थांबते आणि घसरू लागते. घसरणारे चाक गाडीला सरळ ठेवू शकत नाही. पुढची चाके अडकून घसरली, तर गाडी निदान सरळ जाते, केवळ वळत नाही. मागची अडकली, तर ती भिंगरीसारखी फिरते. म्हणूनच मागचा ब्रेक पुढच्यापेक्षा हलका ठेवतात. हे त्याचे उणेपण नाही, हेच त्याचे योग्य प्रमाण आहे.

पूर्वीच्या काळी पुष्कळ मोटारींना केवळ मागच्या चाकांनाच ब्रेक असत. पुढच्या चाकांना ब्रेक लावणे लोकांना धोक्याचे वाटे. १९२० नंतरच्या दशकात चारही चाकांचे ब्रेक रूढ झाले, आणि थांबण्याचे बहुतेक काम पुढची चाकेच करू शकतात हे सर्वांना कळून चुकले. आजच्या गाड्यांत चाक अडकू लागताच ब्रेकचा दाब क्षणोक्षणी कमी-अधिक करणारी यंत्रणा असते. जुन्या पद्मिनीत ती नाही. तेथे प्रमाण माणसानेच सांभाळायचे.

मिस्त्री परत आल्यावर माझ्या विद्यार्थ्याने घडलेले सारे त्यांना न लपविता सांगितले. ते रागावले नाहीत. त्यांनी मोठे सिलिंडर काढून मूळ मापाचे बसविले. शू आणि ड्रम यांतील अंतर दोन्ही बाजूंना सारखे केले. कारण एक बाजू आधी पकडली, तर गाडी त्या बाजूला ओढते. हँडब्रेकची तार ताणली. शेवटी सगळे जुने ब्रेक ऑइल काढून टाकले. हे ऑइल हवेतील ओल शोषून घेते, आणि आपल्या कोकणच्या दमट हवेत तर अधिकच. नेहमीच्या प्रकारचे नवे ऑइल निदान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. पण पुरेशी ओल शिरली, की ते १४० अंशांच्या आसपासही उकळू शकते. उकळले की नळीत वाफ होते. ऑइल दाबले जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. म्हणून पाय तळाला टेकतो आणि ब्रेक लागत नाही. यासाठी नवे ऑइल भरल्यावर नळ्यांतील सगळी हवा काढून टाकावी लागते. पायाखाली ब्रेक दगडासारखा घट्ट लागेपर्यंत मिस्त्रींनी ते काम पुनःपुन्हा केले.

जाता जाता त्यांनी आणखी एक गोष्ट बजावली. गाडीच्या मूळ रचनेत मनास येईल तसा बदल करणे मोटार वाहन अधिनियम, १९८८ या कायद्यालाही मान्य नाही. खाजगी गाडी पंधरा वर्षांची झाली, की तपासणी होऊनच तिच्या नोंदणीची मुदत वाढते. कायद्याची ही बंधने काहींना जाचक वाटतात. परंतु रस्ता सर्वांचा आहे, आणि आपल्या हौशीची किंमत दुसऱ्याने का द्यावी?

पुन्हा त्याच आवारात, ओल्या फरशीवर चाचणी झाली. या वेळी गाडी रेघेत चालावी तशी सरळ येऊन थांबली. पुढच्या रविवारी आजी नातवाबरोबर कार्ल्याला गेली. घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये, सावकाश येत होती. मागून येणाऱ्या कित्येक गाड्या तिला मागे टाकून गेल्या. घरी आल्यावर आजीने मला निरोप धाडला, “पोरगा आता त्याच्या आजोबांसारखी गाडी चालवतो.” याहून मोठे प्रमाणपत्र त्याला कोणती शर्यत देणार होती?

मुलांनो, जुनी वस्तू सुधारायची म्हणजे तिच्यातील प्रत्येक भाग मोठा करायचा, असे नव्हे. जे झिजले असेल ते बदलावे, जे मळले असेल ते स्वच्छ करावे, आणि प्रत्येकाचे प्रमाण राखावे. अंगी बळ वाढले, की ते आवरण्याची शक्तीही त्याच प्रमाणात वाढली पाहिजे. ज्याला वेळेवर थांबता येते, त्यालाच वेगाने जाण्याचा अधिकार असतो.